चौदा दिवस कोणाचे

वरवट बकाल
ता. १२ जानेवारी १९६४

माझ्या नातीले 'नासकी' म्हणणारी जीभ कोणाची हाय ते मले आधी सांगा, मंग मी नमस्कार लिहीन.

परवा आमचा उत्तम मिरची घेऊन खामगावच्या बाजारात गेला होता. तुमच्या साखरखेर्ड्याचा एक दलाल चार माणसांत त्याले म्हणते, "काय उत्तमराव, पोरगी नासकी दिली राव, फाटक्या पोत्यासारखी. महिन्यातले चौदा दिवस गळूनच राह्यली. भगवंतराव आता पोरासाठी दुसरी पाहून राह्यले." माझा पोरगा मान खाली घालून घरी आला, जेवला नाई.

तं रुक्मिणीबाई, ईनबाई, आता नमस्कार. मी झुंबरबाई, तुमच्या सुनेची, कोकिळाची आजी. हे पत्र कोकिळाच्या मायनं लिहायले पायजे होतं, पण सोयऱ्यांपुढं तिच्या तोंडातून शब्द निघत नाई. मी दोन वर्साखाली बायांच्या साक्षरता वर्गात गेली. अक्षर कोंबडीनं उकरल्यावानी हाय, पण माझं हाय.

पोरीचं लगन होऊन दीड वरीस झालं. आमच्या इथी होती तवा महिन्याले चार दिवस बाहेर बसे, पाचव्या दिवशी डोक्यावरून पाणी घे आन कामाले लागे. तुमच्या घरी जाऊन चौदा दिवस काऊन लागून राह्यले? तिले काय खाऊ घालता, किती उचलायले लावता, आन दवाखान्यात दाखवली का?

आमच्या वर्गात एकडाव नर्सबाई आली होती. बाया पदर तोंडात कोंबून हासत होत्या, मी हासली नाई. ती म्हणे, पाळी दोन-चार दिवस मागं-पुढं झाली तं घाबरायचं नाई, सगळ्याइचं होते. पण आठ दिवसांच्या वर गेली, घंट्या-घंट्याले फडकं भिजलं, गाठी पडल्या, दोन पाळ्यांच्या मधात लागलं, नाई तं पोट नसताना तीन-तीन महिने आलीच नाई, तं दवाखाना गाठायचा. अंगारा नाई, काढा नाई, दवाखाना. बैल लंगडला तं तुमी आधी त्याचा खूर पाहता, लगेच बाजारात नेत नाई. सुनेचं तेवढं तरी करा.

आन दुसरी बायको करणं सरकारनं बंद केलं हाय. तुमच्या घरात गुरुजी हायत, त्याइले इचारा.

झुंबरबाई

---

साखरखेर्डा
ता. २० जानेवारी १९६४

ती. झुंबरबाई यांस,

सौ. रुक्मिणीवहिनींच्या सांगण्यावरून त्यांचे दीर शेषराव गुरुजी यांचा सा. न. वि. वि. वहिनींना लिहिता-वाचता येत नसल्याने पत्र मी वाचून दाखविले, काही शब्द गाळून.

कळविण्यास खेद होतो की सौ. कोकिळा हिच्या मासिक धर्मात दसऱ्यापासून अनियमितता आढळून येत आहे. महिन्यातील चौदा-चौदा दिवस ती गोठ्यामागे बाहेर बसते. तिने स्वतः हे सर्वांसमोर कबूल केले आहे. आपणांस ठाऊक आहे की आमच्या घरी देवीचे ठाणे आहे व दर मंगळवारी गावातील स्त्रिया ओटी भरण्यास येतात. वहिनींचा हा विषय बारा वर्षांपूर्वीच संपलेला असल्याने दिवा त्यांच्या हातून लागतो, हे देवीचे उपकार. सुनेच्या भरवशावर राहिलो असतो तर ठाणे अंधारात राहिले असते.

मुलीस दवाखान्यात नेणे वहिनींना पसंत नाही. त्यांचे म्हणणे, घरचे घरात राहावे. बीबी येथील एका स्थळाविषयी भगवंतरावदादा विचार करीत आहेत. कायद्याचे मला ठाऊक आहे. त्याप्रमाणे आधी रीतसर काडीमोड करण्यात येईल.

आपला नातजावई चि. इंद्रभान यास यातले काही बोलवत नाही.

कळावे,
शेषराव

---

वरवट बकाल
ता. २७ जानेवारी १९६४

कोकिळे,

तुझ्या चुलत सासऱ्यानं लिहिलं, 'अनियमितता'. मी तो शब्द तीनदा वाचला. मले वाटलं तुमच्या गावची एस.टी. उशिरा येऊन राह्यली. बाईचं रगत जाते तं रगत म्हणायले त्या माणसाची मिशी काय गळून पडते?

हे पाकीट मी टपालात टाकलं नाई, तुझ्या बापाच्या हाती देऊन राह्यली. तो ओसरीवर चहा पिऊन बसंल, तवर जबाब लिहून त्याच्याच हाती दे. सातवी पास हायस, घडीभराचं काम हाय.

एका दिवसात फडकी किती भिजतात? रंग कसा? गाठी पडतात का, बोराएवढ्या का लिंबाएवढ्या? उठताना डोळ्यापुढं अंधारी येते का? आरशात पाहून डोळ्याची खालची पापणी ओढ. आतून लाल दिसते का ताकासारखी पांढरी? माती, चुन्याचे खडे खावेसे वाटतात का? मधात एक-दोन महिने चुकले आन मंग एकदम गेलं, असं झालं का? तसं झालं असंल तं ते पाळी नाई, पोट होतं, आन ते लपवलं असंल तं मी स्वतः येऊन तुले बदडीन आन मंग दवाखान्यात नेईन.

चौदा दिवस सगळ्याइच्या पुढं कबूल केले म्हणे. तुले कबूल करायची फार हौस. लहानपणी मडकं तुझ्या बापानं फोडलं तरी 'मी फोडलं' म्हणे. मले खरं लिही.

आजी

---

साखरखेर्डा
ता. २ फेब्रुवारी १९६४

आजी,

बाबा मामंजींशी बोलत बसले हायत, तवर लिहून घेते. तुझे जबाब आधी. फडकी दिवसाले तीन. रंग नेहमीचा. गाठी नाईत. पापणी लाल हाय. अंधारी येत नाई, उलट बसून बसून अंग जड झालं. माझे दिवस चारच असतात आजी, महिन्याच्या महिन्याले, तुझ्या घरी होते तसेच. बाकीचे दहा दिवस माझे नाईत.

दसऱ्याच्या आदल्या मंगळवारी बाया ओटी भरायले आल्या होत्या. आत्याबाई ठाण्यापुढून उठल्या आन पाटावर डाग राह्यला. शेजारची आशाबाई म्हणाली, "हे काय वो रुक्मिणीबाई?" सासूचं तोंड असं झालं की मले पाहवलं नाई. मी पाटाजवळच उभी होती. म्हणली, "माझं हाय, मले कळलंच नाई." बायांनी मले धू धू धुतलं, देवीपुढं आली म्हून. पाट धुतला, गोमूत्र शिंपडलं आन मी बाहेर जाऊन बसली. मले वाटलं, एका दिवसाची गोष्ट हाय.

पण त्यांचं थांबलंच नाई. आठ दिवस जाते, दोन दिवस कोरडे, मंग पुन्हा. धुतलेली फडकी कोठीतरी वाळत घालावी लागतात, आन फडकी दिसली की घरात कोणीतरी बाहेर बसलेलं पायजे. म्हून मी बसते.

त्यांनी माझा हात स्वतःच्या डोक्यावर ठेवून शपथ घ्यायले लावली. म्हणतात, बारा वर्षांनी परत आलं हा देवीचा कोप हाय. कोणाला कळलं तर ठाणं दुसऱ्या घरी जाईल, आन नातवंडांच्या वयात हे काय म्हून गाव हसेल. तशाच हातानं दिवा लावतात. दुपारी कंबर धरून माझ्यापाशी येऊन बसतात. जाते ते मटण धुतलेल्या पाण्यासारखं, कधी तांबडं, आन त्याले वास येतो. चोळ्या सगळ्या सैल झाल्या हायत.

बीबीच्या स्थळाचं मामंजी काढतात तवा त्या खाली पाहतात. नाई म्हणत नाईत. हे मले इचारतात, तुले बरं नाई का. मी हो म्हणते.

शपथ मोडली आजी. हे पत्र चुलीत घाल.

कोकिळा

---

वरवट बकाल
ता. ६ फेब्रुवारी १९६४

कोकिळे, हे सासूले वाचून दाखव. गोठ्यामागं बसली असशील तं तिथीच वाच. तिथी कोणी फिरकत नाई, एवढाच त्या जागेचा उपेग. एक शब्द गाळला तं गाठ माझ्याशी हाय.

रुक्मिणी,

आता मी तुले ईनबाई म्हणत नाई आन तुमीही म्हणत नाई. वयानं मी मोठी हाव. तुझ्या विटाळात माझी नात बसून राह्यली, चार महिने, आन तू पाहून राह्यली. मी तुले पत्र टाकलं तं त्या गुरुजीच्या हातून मलेच लिहिते की पोरीनं कबूल केलं. पाटावरचा डाग तिनं आपल्या अंगावर घेतला, आन तू तिले बीबीवाल्यांसाठी घर खाली करायले लावते. तुले रडू येत असंल तं रड. कोकिळे, तू वाचायची थांबू नको.

हा राग अर्धा झाला. अर्धा अजून हाय.

नर्सबाईनं आणखी एक गोष्ट सांगितली होती. ती पोरीच्या वयाची नव्हती म्हून मी पहिल्या पत्रात लिहिली नाई. ती म्हणे, पाळी बंद होऊन वरीस उलटलं आन मंग नुसता डाग दिसला, एक थेंब, गुलाबी पाणी दिसलं, तरी घरी बसायचं नाई. कारण बंद झालेलं आपल्या मनानं परत चालू होत नसते. कधी साधी गाठ निघते, कधी काहीच निघत नाई, पण कधी पिशवीत वाईट दुखणं असते, आन ते पाहिल्याशिवाय कळत नाई. तिनं हे सांगितलं तवा मी वर्गातून उठून बाहेर गेली होती.

माझी लहान बहीण सरस्वती, जळगावले दिलेली. पन्नाशीले तिचं बंद झालं, चार वर्सानं डाग दिसला. जाऊ म्हणे उष्णता हाय, सब्जा खाय. आन मी काय म्हणली? मी म्हणली, "काय वो, जवानी परतली का तुझी?" हासली मी. तिनं मंग मले पुन्हा काही सांगितलं नाई. दीड वर्सानं बोलावणं आलं तवा खाटेवर हाडं होती आन वासामुळे खोलीत कोणी बसत नव्हतं. मी बसली. बसून काय उपेग होता?

तुले चार महिने उलटले. वास येते, कंबर दुखते, चोळ्या सैल झाल्या, आन तू देवीले दोष देऊन राह्यली. देवी काय तुझ्या लुगड्यात पाहत बसली हाय?

बुलढाण्याले मोठ्या दवाखान्यात डाक्टरीण बसते. बाई हाय, दाढीवाला नाई. मी पंधरा दिवस वाट पाहते. नाई गेली तं भगवंतरावाले कार्ड टाकते. पाकीट नाई, कार्ड. तुमच्या गावात कार्ड कितीजण वाचतात ते तुले माहीत हाय.

झुंबर

---

साखरखेर्डा
ता. १९ फेब्रुवारी १९६४

ती. झुंबरबाई यांस,

सा. न. वि. वि. सौ. वहिनींच्या सांगण्यावरून कळवितो की सौ. कोकिळा हिला आपण येत्या पौर्णिमेच्या आत घेऊन जावे. कारण विचारले असता वहिनी "ती इथे राहिली तर मी राहणार नाही," एवढेच म्हणाल्या व आत गेल्या. अलीकडे त्यांचीही प्रकृती फार उतरली आहे. सुनेच्या काळजीने हे झाले असावे, असे घरात सर्वांचे मत आहे.

कळावे,
शेषराव

---

(कार्ड)

वरवट बकाल
ता. २४ फेब्रुवारी १९६४

भगवंतराव,

हे कार्ड उघडं हाय, मुद्दाम. पोष्टमननं वाचलं असंल, चावडीवर आणखी कोणी वाचून राह्यलं असंल. त्याइले म्हणा, पुढंही वाचा. चौदातले दहा दिवस माझ्या नातीचे नाईत, तुमच्या बायकोचे हायत. तिचं बारा वर्साखाली बंद झालेलं दसऱ्यापासून परत चालू झालं. हा कोप नाई, चाळा नाई. दुखणं हाय आन जीव घेणारं असू शकते. पत्र हाती पडल्या दिवशी तिले बुलढाण्याच्या डाक्टरणीकडे न्या. सगळं घर म्हणते ती सुनेच्या काळजीनं वाळली. त्या सगळ्या घराले डोळे कायले दिले? लाज वाटत असंल तं लोकाइले सांगा, वरवटच्या म्हातारीनं लिहिलं. कोकिळाले न्यायले मी कोणाले पाठवत नाई. ती तिथीच राहील.

झुंबरबाई

---

साखरखेर्डा
ता. १८ मार्च १९६४

आजी,

तुझं कार्ड तीन दिवस चावडीवर होतं. मामंजींच्या हाती येईपर्यंत हाटेलवाल्यालेही पाठ झालं होतं. तू असं काऊन केलं? मी शपथ मोडली ती तुझ्यापुरती मोडली होती, गावासाठी नाई. तू मले इचारलं नाई. पंधरा दिवस मी तुले पत्र टाकलं नाई, ते रागानंच.

मामंजींनी कार्ड वाचलं आन आत्याबाईंले ओसरीवर बोलावलं. मले वाटलं, हात उचलतात. ते म्हणाले, "खरं आहे का?" त्यांनी मान हलवली. "मग मला का नाही सांगितलं?" तवा त्या म्हणाल्या, "तुम्हाला काय सांगायचं? सुनेचं ऐकलं तर तुम्ही दुसरी बघायला निघालात. माझं ऐकून काय केलं असतं?" मामंजी गोठ्याकडे गेले आन बैल जुंपले. सडकेपर्यंत गाडीत गेलो, तिथून एस.टी.नं बुलढाण्याले.

डाक्टरणीनं तपासलं तवा आत्याबाईंनी माझा हात सोडला नाई, नखं रुतली. किती दिवसांपासून, असं डाक्टरणीनं इचारलं. त्या म्हणाल्या, "सुनेला विचारा, तिने मोजले आहेत." आतून तुकडा काढून नागपूरले पाठवला होता. परवा जबाब आला. पिशवीत वाईट गाठ हाय. पिशवी काढून टाकायले नागपूरले जावं लागते. डाक्टरीण म्हणाली, बाहेर पसरलेलं दिसत नाई, पण पोट उघडल्याशिवाय शब्द देत नाई. दसऱ्याले आल्या असत्या तं दिला असता, असं म्हणाली. येत्या सोमवारच्या पुढच्या सोमवारी नेतात. मी संगं जाते.

मंगळवारी ओटी भरायले एकही बाई आली नाई. संध्याकाळी आशाबाई आली, रिकाम्या हातानं. दारातूनच मले हळू इचारते, "माझ्या मोठ्या जावंलेही तसंच हाय दोन महिन्यांपासून. डाक्टरीण रागावते का?"

बीबीचं नाव कोणी काढत नाई. गुरुजीकाका माझ्यापुढून जाताना खाली पाहतात. आत्याबाई तुझं नाव घेत नाईत. 'ती वरवटची' म्हणतात. काल म्हणाल्या, "तिने मला भर गावात उघडं केलं. मी नागपुरात मेले तरी तिला कळवू नको."

कोकिळा

---

वरवट बकाल
ता. २२ मार्च १९६४

रुक्मिणी,

मी माफी मागायले लिहून नाई राह्यली. कोकिळानंही मले झापलं, तिचं बरोबर हाय, तिले मी इचारायले पायजे होतं. तुले इचारायची मात्र गरज नव्हती. तुले इचारलं होतं आन तू पोरीले घराबाहेर काढून जबाब दिला होता. कार्ड टाकताना पेटीपासून दोनदा हात मागं आला, आन दोनदाही सरस्वतीची खोली आठवली. तुले उघडं केलं मी. झाकून ठेवलं असतं तं चार महिन्यांनी लोकाइनंच चादर टाकून झाकलं असतं.

माझ्यावर राग धर. पोट फाडतात तवा अंगात कायचा तरी जोर पायजे. मी नागपूरले येत नाई. मले पाहून तू लोकाइपुढं गोड बोलशील आन तो जोर जाईल. कोकिळाच्या मायले पाठवते. तिले बोलता येत नाई, पण उलटी पुसता येते, उशी बदलता येते, आन बसली की उठत नाई. पोरगी एकटी किती जागंल?

जायच्या आधी घरात सांगून जाय. गोठ्यामागची ती जागा साफ करून तिथी सरपण रचा. कोकिळाचे चार दिवस ती घरात, खाटेवर काढंल. देवीले चालत नसंल तं देवीनं मले सांगावं. आन इंद्रभानाले म्हणा, ज्या ज्या ओट्यावर माझ्या नातीले नासकी म्हटलं, त्या त्या ओट्यावर जाऊन आपल्या तोंडानं सांगून ये की ते खोटं होतं. खामगावच्या बाजारातही. तिले बरं नाई का म्हून इचारलं, पण तिचं ऐकायले बसला नाई, त्याची एवढी तरी भरपाई पायजे.

त्या आशाबाईच्या जावंले म्हणावं, डाक्टरीण रागावते. रागावू दे, पण जाय. संगं ने म्हणली तं तुझ्या मालकानं एस.टी.त तिलेही बसवावं.

डाक्टर मंडळी जे इचारतील त्याले खरं सांग. किती दिवस, किती फडकी, वास कधीपासून, दुखते कोठी. तिथी 'अनियमितता' म्हणशील तं ते तुले पाळीच्या गोळ्या देऊन घरी पाठवतील.

आन आता जबाबाचं. गुरुजीनं लिहायचा नाई, त्याच्या गाळलेल्या शब्दाइनंच इतके महिने खाल्ले. कोकिळानंही नाई, ती तुले सांभाळून लिहिते. अक्षर येत नाई हे मले सांगू नको. मी साठाव्या वर्सी पाटी धरली, तू तं माझ्याहून लहान हाय. खाटेवर पडून काय करशील, पोरीकडून शिक. दोन महिने लागले तरी चालते, मी थांबीन. एक ओळ लिही. शिवी लिही, 'वरवटची मेली' लिही, वेलांटी चुकू दे. पण दुसऱ्या कोणाच्या हातचं पाकीट नागपुराहून आलं तं मी ते फोडणार नाई, सांगून ठेवते. जबाब तू लिहायचा.